सातबाऱ्याबाहेरची माणसे आणि दि. बा. पाटील

(नवी मुंबईतील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



त्रिशरण-पंचशील झाल्यावर एका आमदाराचे चरित्र ऐकावे लागेल, अशी आपली अपेक्षा नसावी. मेळाव्याच्या चालकांनी मला तसे स्पष्ट बोलून दाखविले. दिनकर बाळू पाटील यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली नव्हती. ते आपल्या पक्षाचे नव्हते. आगरी समाजात ते जन्मले आणि शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याखाली वाढले. मग ज्या कुटुंबांनी नुकताच जुना धर्म टाकला, नवी नावे घेतली, घरातील देव्हारे उतरविले, त्यांनी या गृहस्थांचे चरित्र कशासाठी ऐकावे? शंका रास्त आहे. आणि तिचे उत्तर देण्यासाठी मला लांब जावे लागत नाही. आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत तिच्याकडे बोट दाखविले म्हणजे पुरे.

ही जमीन कोणाची होती? पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी या भागात भाताची खाचरे होती, खाऱ्या पाण्याला बांध घालून काढलेली खाजणे होती, मिठागरे होती. आपल्यापैकी पुष्कळांची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून इकडे आली. कोणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत लागले, कोणी तुर्भ्याच्या आणि दिघ्याच्या बाजूच्या दगडखाणींत घण मारला, कोणी या शहराच्या इमारतींवर विटा वाहिल्या. आपण आलो तेव्हा येथे आखलेले रस्ते आणि क्रमांक घातलेले विभाग होते, म्हणून शहर आधीपासूनच येथे होते असे आपल्याला वाटते. ते तसे नव्हते. पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेऊन ते उभे केले गेले. आणि त्या जमिनी ज्या रीतीने घेतल्या गेल्या, त्या रीतीशी एक मनुष्य जन्मभर भांडला. त्याच्या भांडणातून आपल्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे दोन्ही मला आज सांगावयाचे आहे. काय मिळाले नाही ते सांगताना मी माझ्या घरचीही एक हकीकत सांगेन.

दुसरेही एक कारण आहे. आपल्या वस्त्यांत आमदार म्हणजे कोण? दाखल्यावर सही करणारा, नळ आणून देणारा, समाजमंदिराला फरशी घालून देणारा, जयंतीला वर्गणी देणारा! ही कामे वाईट नाहीत. नळाला पाणी नसेल तर मनुष्य नळच मागणार. परंतु विधिमंडळ हे नळ वाटण्याचे ठिकाण नव्हे. ते कायदे करण्याचे ठिकाण आहे. बाबासाहेब मुंबईच्या कायदेकौन्सिलात गेले ते कशासाठी? १९२८ साली त्यांनी महार वतनाच्या गुलामगिरीवर घाव घालणारे बिल तेथे मांडिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडिले. दोन्ही बिले त्यावेळी पास झाली नाहीत. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली आला आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा १९५८ साली. एका बिलाला बारा वर्षे लागली, दुसऱ्याला तीस. तथापि ज्याने प्रथम ते कागद सभागृहाच्या मेजावर ठेविले, त्याने काम केले नाही असे कोण म्हणेल?

दि. बां.चे मोल मी याच मापाने करणार आहे.

त्यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई या गावी झाला. त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि वकिली केली. हे मी मुद्दाम सांगतो. कारण पुढे त्यांनी जे केले ते नुसत्या घोषणांनी होण्यासारखे नव्हते, त्याला कायद्याची कलमे वाचणारा मनुष्य हवा होता. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यात शेतकऱ्यांचे राजकारण नवे नव्हते. अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ पासून सुमारे सहा वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी पडीक ठेविल्या होत्या. नारायण नागू पाटील हे त्या संपाचे पुढारी होते. त्या कुळांची बाजू बाबासाहेबांनी घेतली, आणि त्यांचे खोतीचे बिल या पार्श्वभूमीवर आले, हा इतिहास आपल्या मुलांना शाळेत शिकवीत नाहीत. तो घरी शिकवावा लागतो. आगरी कुळ आणि महार शेतमजूर एका लढ्यात उभे राहिले, असे या जिल्ह्यात पूर्वी घडले होते.

दि. बा. प्रथम विधानसभेवर निवडून आले ते १९५७ साली, पनवेलमधून. त्यावेळी त्यांचे वय एकतीस होते. ही निवडणूक कोणती होती, ते ध्यानात घ्या. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तीन महिने होत होते. नागपूरच्या दीक्षेला सहा महिनेही झाले नव्हते. आजचे आपण जसे नवदीक्षित, तसे त्यावेळी आपले आजोबा-पणजोबा नवदीक्षित होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेतकरी कामगार पक्ष होता आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही होते. म्हणजे त्या वर्षी हे दोन्ही पक्ष एकाच आघाडीने मते मागत होते. त्याच निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. तेव्हा दि. बा. आपले कोणीच नव्हेत, असे म्हणणाऱ्याने हे वर्ष विसरू नये.

त्यानंतर ते एकूण पाच वेळा विधानसभेवर आणि दोन वेळा, १९७७ व १९८४ साली, लोकसभेवर निवडून आले. १९७२ ते १९७७ या काळात, म्हणजे दुष्काळापासून आणीबाणीपर्यंत, आणि पुन्हा १९८२-८३ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. मंत्रिपदावर ते कधी बसले नाहीत. आपल्यात असा एक समज पसरला आहे की, सत्तेत नसलेला आमदार काहीच करू शकत नाही, म्हणून सत्तेच्या दारातच उभे राहावे. हा समज कोणी पसरविला ते मी सांगत नाही, आपण जाणता. विरोधी बाकावरच्या सभासदाजवळ तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी सूचना असते, अर्थसंकल्पावरील कपात सूचना असते, अशासकीय विधेयक असते. मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर छापले जाते. जो कागद कचेरीत तीन वर्षे हलत नाही, तो एका तारांकित प्रश्नाने आठ दिवसांत हलतो. ही हत्यारे लहान दिसतात. ज्याला ती वापरता येतात त्याच्या हातात ती लहान राहत नाहीत.

पण एवढ्यानेही भागत नाही, आणि येथे मला महाडची आठवण करून द्यावयाची आहे. महाड दि. बां.च्याच जिल्ह्यातले. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेकौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव आणिला की, सरकारी पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांत, शाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा. ठराव पास झाला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. झाले काय? तळ्याचे पाणी होते तसेच राहिले. कोणाची घागर त्यात बुडाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चालत गेली तेव्हा त्या ठरावाला जीव आला. आणि त्यानंतरही न्यायालयात दहा वर्षे झगडावे लागले. बोले यांचा ठराव नसता तर मोर्चाला कायद्याचा आधार राहिला नसता. मोर्चा नसता तर ठराव दप्तरात कुजला असता. सभागृह आणि रस्ता या दोहोंचे नाते असे आहे.

आता नवी मुंबईकडे येतो. मुंबईच्या पूर्वेस खाडीपलीकडे नवे शहर वसवावयाचे ठरले आणि ३ फेब्रुवारी १९७० रोजी भूसंपादन कायद्याच्या चौथ्या कलमाखाली अधिसूचना निघाली. सिडको ही कंपनी स्थापन झाली १७ मार्च १९७० रोजी. म्हणजे शहर बांधणारी संस्था जन्मण्यापूर्वी सहा आठवडे शेतकऱ्याच्या जमिनीवर खूण झाली होती! हा भूसंपादन कायदा १८९४ चा, इंग्रजांचा. स्वतंत्र भारताने तो एकशेवीस वर्षे पुरी होत येईपर्यंत चालविला. त्यात सार्वजनिक कामासाठी जमीन घेता येते आणि मोबदला म्हणून बाजारभाव द्यावयाचा असतो. परंतु कोणत्या दिवसाचा बाजारभाव? ज्या दिवशी चौथ्या कलमाची अधिसूचना निघाली त्या दिवसाचा! आता हिशेब करा. अधिसूचना १९७० ची. पुढची चौकशी, निवाडा आणि ताबा कोठे पाच वर्षांनी, कोठे दहा, कोठे पंधरा. तोवर शेजारी कारखाने आले, रस्ते आले, पूल आला, जमिनीचा भाव चढत गेला. आणि शेतकऱ्याचा भाव मात्र १९७० च्या फेब्रुवारीतील त्या एका दिवशी खिळा ठोकून थांबविलेला. त्याला ती जमीन विकता येईना, तारण ठेवता येईना. कसावी तर पुढच्या हंगामाची खात्री नाही. या पद्धतीत लबाडी कोणा एका अधिकाऱ्याची नव्हती. कलमच तसे लिहिलेले होते. म्हणूनच ते वाचणारा वकील लागला.

दि. बा. आणि त्यांचे सहकारी यांनी प्रथम वाढीव भावाची मागणी केली. परंतु पुढे मागणीचे स्वरूपच पालटले, आणि हे पालटणे हीच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट आहे, असे माझे मत आहे. पैशाचा भाव आज चाळीस तर उद्या चार. तो लग्नात जातो, आजारात जातो, दारूत जातो. शहर मात्र राहते आणि त्याची किंमत वाढत जाते. जर माझ्या जमिनीवर शहर उभे राहणार असेल, तर त्या शहराचा एक तुकडा माझा असला पाहिजे. मोबदला घेऊन बाहेर पडणारा विक्रेता म्हणून नव्हे, तर शहराचा भागीदार म्हणून मी राहीन. आपण याचा विचार करा. भीक, मोबदला आणि वाटा हे तीन शब्द वेगळे आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला पहिल्या शब्दापासून तिसऱ्या शब्दाकडे नेले; दि. बां.नी आपल्या शेतकऱ्यांना दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे नेले.

ही मागणी सभागृहात वर्षानुवर्षे मांडून झाली. मग १९८४ चा जानेवारी आला. उरण तालुक्यातील शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाटा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि नामदेव शंकर घरत व रघुनाथ अर्जुन ठाकूर हे पडले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीस, नवघर येथे पुन्हा गोळीबार झाला आणि पागोटे गावचे केशव महादेव पाटील, महादेव हिरा पाटील व कमलाकर कृष्ण तांडेल हे पडले. दोन दिवसांत पाच माणसे. दर वर्षी जासई व पागोटे येथे त्यांना मानवंदना दिली जाते. आपल्यातील तरुणांनी एकदा तेथे जाऊन यावे. जेथे आपण बसतो-उठतो तेथून ते अंतर तासाभराचेही नाही, आणि तरी आपल्या वस्त्यांतील शंभरांपैकी पाच जणांनाही ही पाच नावे सांगता येणार नाहीत. तीच गोष्ट उलटही खरी आहे. त्या गावांतील कितीजणांना नामांतरातील हुतात्म्यांची नावे येतात? दोन्ही बाजूंनी ही दरिद्री स्थिती आहे.

त्याच वर्षी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरच्या निवडणुकीत काँग्रेसने देशात चारशेहून अधिक जागा जिंकल्या. महाराष्ट्रात अठ्ठेचाळीसपैकी त्रेचाळीस त्यांच्याच. त्या लाटेत ज्या मोजक्या जागा बुडाल्या नाहीत त्यांत कुलाब्याची एक होती, आणि ती दि. बा. पाटलांची होती. गोळीबाराला अकरा महिने झाले होते. लोकांनी मत कशाला दिले ते वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्याच १९८४ साली संसदेने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली. सक्तीने जमीन घेतल्याबद्दल मोबदल्यावर जी जादा रक्कम मिळते, ती शेकडा पंधरावरून तीस झाली. आणि निवाडा दोन वर्षांच्या आत झाला नाही तर संपादनच रद्द होईल, असे बंधन आले. ही दुरुस्ती देशभरातील तक्रारींमुळे झाली. तिचे सर्व श्रेय एका जिल्ह्याला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. साडेबारा टक्क्यांचे श्रेय मात्र याच मातीचे आहे. ६ मार्च १९९० रोजी त्याबाबतचा शासननिर्णय निघाला आणि २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने ती योजना पुढे विस्तारली. पाच माणसे पडल्यानंतर कागद निघावयास सहा वर्षे लागली, हे आपण नोंद करून ठेवा.

साडेबारा टक्के म्हणजे काय, ते पुष्कळांना नीट ठाऊक नसते; दलालांना ते बरोबर ठाऊक असते. एका शेतकऱ्याची एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन गेली असे समजा. तिचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून रस्ते आणि सार्वजनिक सोयी यांसाठी तीस टक्के वजा होतात. हातात राहतात साडेतीन गुंठे. हा भूखंड विकसित असतो. त्याच्यासमोर रस्ता, गटार, वीज असते. त्यावर दीड चटईक्षेत्र निर्देशांकाने बांधकाम करता येते आणि काही भाग दुकानांसाठी वापरता येतो. चाळीस गुंठे भातशेतीचे साडेतीन गुंठे झाले, हे ऐकून हसू येईल. परंतु शहरातील साडेतीन गुंठे ही मोठी वस्तू आहे. ज्यांनी तो भूखंड राखला त्यांच्या घरी भाड्याचे उत्पन्न आले आणि मुले शिकली. ज्यांनी भूखंड मिळण्यापूर्वीच नुसते पात्रतेचे कागद बिल्डरांना विकले, त्यांच्या घरी एक मोटार आली, एक लग्न थाटात झाले आणि मग काही राहिले नाही. हा दोष योजनेचा नव्हे. पण योजना करणाऱ्यांनी त्याविरुद्ध काही बांध घालावयास हवा होता, असे मला वाटते. खाजणात राहणाऱ्या माणसांना बांधाचे महत्त्व कोणी सांगावे?

आणि आता जे मिळाले नाही त्याविषयी.

साडेबारा टक्के कशाचे? सातबाऱ्यावर ज्या क्षेत्राखाली आपले नाव आहे त्या क्षेत्राचे. ज्याचे नाव मोठ्या क्षेत्राखाली, त्याला मोठा वाटा. लहान क्षेत्राखाली, त्याला लहान. आणि ज्याचे नावच नाही त्याला? भाताच्या खाचरात लावणी कोण करीत होते? खाऱ्या बांधाला खांडे पडले म्हणजे रात्री चिखलात उभे राहून ते कोण बुजवीत होते? मिठागरात उन्हात मीठ कोण ओढीत होते? कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसेल त्याची जमीन झाली, असे आपण म्हणतो; पण कसणाऱ्या कुळाची झाली, राबणाऱ्या मजुराची नाही. वतने गेली तेव्हा वतनाच्या जमिनी पुन्हा मिळविण्यासाठी सरकारात पैसे भरावे लागले आणि ज्यांच्याजवळ ते नव्हते त्यांच्या हातून त्या निसटल्या. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारून लाखो माणसांना तुरुंगाच्या दारात उभे केले, ते याच माणसांसाठी. त्यांचे नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हते. आगरी घरातील लेकींचेही पुष्कळदा नसे. हक्कसोडपत्रावर सही घेऊन भावांनी बहिणींना मोकळे केले आणि साडेबारा टक्के भावांत वाटले गेले. बायका आणि मजूर हे सातबाऱ्याबाहेर एकाच रांगेत उभे होते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

माझे वडील उरण भागातील एका मिठागरात कामाला होते. आमचे घर गावाच्या कडेला, जेथे आमच्यासारख्यांची घरे असतात तेथे, आणि दोन पिढ्यांत आमच्या नावाने एक गुंठाही नाही. मिठागर गेले तेव्हा वडिलांची रोजी गेली. त्यांची कोठे नोंद झाली नाही, कारण जाण्यासारखे त्यांच्याजवळ कागदोपत्री काही नव्हतेच. पुढे भूमिहीन मजूर, बलुतेदार आणि मिठागर कामगार यांनाही लहानसा भूखंड मिळावा अशी तरतूद झाली. हे ऐकून वडील अर्ज घेऊन एका कचेरीत गेले. तेथील कारकुनाने विचारले, ‘तुम्ही मिठागरात होता याचा पुरावा?’ वडिलांनी हात पुढे केले. मीठकामगाराच्या हाताला आणि पायाला जे होते ते आयुष्यभर जात नाही. कारकून म्हणाला, ‘हे चालत नाही. हजेरीपुस्तक आणा.’ मुकादमाचे हजेरीपुस्तक मुकादमाबरोबर गेले होते. वडील सहा वेळा गेले. सातव्या वेळी त्यांच्याबरोबर गावातील एक आगरी शेतकरी गेला. त्याची आठ एकर जमीन गेली होती आणि स्वतःचीच कामे त्याला पुरी होत नव्हती. त्याने स्टँपपेपरवर लिहून दिले की, हा मनुष्य माझ्या डोळ्यांदेखत वीस वर्षे या मिठागरात राबला आहे. त्या कागदावर वडिलांचे नाव प्रथमच टाईप केलेले मी पाहिले.

असे लिहून देणारा एक मिळाला. आमच्या वाड्यात चौदा घरे होती. बाकीच्या तेरांना तो मिळाला नाही.

दि. बां.नी भूमिहीनांचा प्रश्न उचललाच नाही, असे मी म्हणणार नाही. प्रकल्पग्रस्त या शब्दात ते मजुरालाही धरीत. पण चळवळ ज्यांच्या बळावर चालते त्यांचे हित आधी पाहते, हा अनुभव आहे. चळवळीत जमीनधारकांचे बळ होते. आपले बळ तेथे नव्हते. आपण नव्हतो म्हणून आपले कलम सर्वांत शेवटी लिहिले गेले आणि सर्वांत कमी वाचले गेले. यात रागावण्यासारखे असेल तर आपण आपल्यावरही थोडे रागावले पाहिजे. १९८४ च्या त्या मोर्चांना आमच्या वाड्यातून किती माणसे गेली होती? मला मोजकी आठवतात. ‘जमीन त्यांची, मोर्चा त्यांचा,’ असे आम्ही म्हटले.

त्यांच्या आयुष्यातील आणखी एक गोष्ट मला न आवडलेली आहे आणि ती टाळून गेलो तर हे भाषण स्तुतिपाठ होईल. १९९९ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी चार दशकांचा शेतकरी कामगार पक्ष सोडला आणि ते शिवसेनेत गेले. ज्या पक्षाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला विरोध केला, ज्याने ‘रिडल्स’च्या प्रकरणी बाबासाहेबांच्या ग्रंथाविरुद्ध मोर्चे काढले, त्या पक्षाच्या व्यासपीठावर १९५७ च्या समितीच्या या आमदाराला पाहणे आपल्या लोकांना जड गेले. पक्षांतर्गत कारणे त्यांना असतील. कारणे सर्वांनाच असतात. मनुष्याचे एक कृत्य मोठे म्हणून दुसरे झाकावयाचे, ही रीत आपण आपल्या पुढाऱ्यांच्या बाबतीतही सोडली पाहिजे.

२४ जून २०१३ रोजी पनवेल येथे त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, दोनच महिन्यांनी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, संसदेने १८९४ चा तो जुना कायदा रद्द करणारा नवा भूसंपादन कायदा पास केला. त्यात पुनर्वसन हा हक्क म्हणून आला; आणि जमीन नसली तरी त्या जमिनीवर ज्याची उपजीविका तीन वर्षे चालत होती, तो मजूर, ते कूळ, तो कारागीरही बाधित कुटुंबात मोजला जाऊ लागला. हे वाक्य मी पुन्हा वाचतो, कारण या सभेत बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी उपयोगी ते पडेल: जमीन नसली तरी. त्याच वर्षाच्या अखेरीस विमानतळासाठी जाणाऱ्या गावांकरिता साडेबाराऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमिनीची तडजोड झाली. आता तो विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून २०२१ च्या जूनमध्ये या भागातील हजारो माणसांनी मानवी साखळी धरली आणि त्यांच्या स्मृतिदिनी सिडकोच्या कचेरीवर धडक दिली. २०२२ साली विधिमंडळाने तसा ठराव केला. सभागृहाचा ठराव आणि रस्त्यावरची साखळी, असे ते येथेही दोन्ही लागले.

नावाच्या लढ्याचे मोल आपण जाणतो. विद्यापीठाच्या नावासाठी आपण सोळा वर्षे दिली आहेत. म्हणून त्या साखळीत आपल्यातील काही तरुण निळा झेंडा घेऊन उभे होते, याचा मला आनंद झाला. १९८४ साली आमच्या वाड्याने जे केले नाही ते त्यांनी केले. परंतु त्या तरुणांना मी त्यावेळी एक काम सांगितले होते आणि ते अर्धेच झाले आहे, म्हणून येथे पुन्हा सांगतो. विमानतळाच्या दहा वस्त्या उठल्या, त्यांत सातबाऱ्याबाहेरची घरे किती होती, ती कोठे गेली, त्यांना काय मिळाले, याची यादी घरोघर फिरून करावयाची आहे. तीन वस्त्यांची झाली आहे. ती वहीत आहे, आणि वही मी बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर जे त्या भागातील असतील त्यांनी पुढे यावे आणि आपल्या आईवडिलांचे नाव, काम आणि मालकाचे किंवा मुकादमाचे नाव त्यात लिहून द्यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून घेईन. साक्षीदार म्हणून एखादा शेजारी, मग तो कोणत्याही समाजाचा असो, बरोबर आणता आला तर उत्तम. पुढच्या अधिवेशनापूर्वी ही यादी तारांकित प्रश्नाच्या रूपाने सभागृहात जावी, यासाठी एका सभासदाशी बोलणे चालू आहे.